बर्गला ४७, तरी पँट चढवताना तोल जातो. आणखी काय तपासू?

फिजिओ_इंटर्न:
स्ट्रोक झालेले एक काका आहेत, डावी बाजू कमजोर. बर्ग बॅलन्स स्केलवर (तोल तपासायची चाचणी) ५६ पैकी ४७, म्हणजे ४५ ची नेहमीची रेषा (ज्याखाली पडायचा धोका जास्त धरतात) ओलांडलेली. पण काकू म्हणतात, पँट वर ओढताना हमखास डावीकडे कलंडतात, मी धरते म्हणून बरं. स्केलचं ऐकू की काकूंचं?

जुनी_फिजिओ:
काकूंचं!
बर्ग मीही रोज वापरते, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण काम जमलं का, किती वेळ जमलं, एवढंच ते बघतं. कुठल्या पायाच्या जिवावर जमलं, हे विचारत नाही. एका पायावर उभं राहायच्या आयटमची सूचना परत वाच. पाय कुठला, ते पेशंटनेच ठरवायचं असतं. काका उजवाच निवडणार ना?

सारखे दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेव. आधी तू उभी राहून बघ, काटे नीट आहेत का. मग काकांचा एकेक पाय एकेका काट्यावर. त्यांनी समोर बघायचं, आकडे तू वाचायचे. ते खाली वाकून आकडा बघायला लागले की वजन सरकतं आणि मोजलेलं वाया जातं. मग तिथेच शर्टाची बटणं लावायला सांग. आकडे कुठे पळतात बघ. या सगळ्यात मागे खुर्ची आणि डाव्या बाजूला तू, हे न सांगता आलंच.

बर्गमध्ये धक्काही नाही. मिनी-बेस्टेस्ट या तोलाच्या दुसऱ्या चाचणीत पेशंटला आपल्या हातांवर रेलायला लावून हात अचानक काढून घेतात आणि तो पाऊल टाकून सावरतो का, ते बघतात. बाजूच्या चाचणीत डावं-उजवं दोन्ही करून कमी असलेला गुण धरायचा. इथे चांगल्या पायामागे लपता येत नाही.
आणि झोपून, मग उभं करून बीपी घेतलंस का? उभं राहिल्यावर बीपी पडत असेल तर तोलाला दोष देण्यात अर्थ नाही.

बाबांची_मुलगी:
मध्येच विचारते. आमचे बाबा चांगल्या हातानेच स्वतःला लुळ्या बाजूला ढकलतात. सरळ करायला गेलं की आणखी जोर लावतात. हट्ट आहे का हा?

जुनी_फिजिओ:
हट्ट मुळीच नाही. याला पुशिंग म्हणतात. सरळ कुठे, हा मेंदूचा अंदाजच कललेला असतो, म्हणून तुम्ही सरळ केलंत की त्यांना पडल्यासारखं वाटतं. ओढाओढ करू नका. दाराची चौकट दाखवा, तिच्याशी अंग जुळवायला सांगा. अशा पेशंटला बर्गपेक्षा पास स्केल बरं, तीही तोलाचीच चाचणी. ते स्ट्रोकसाठीच बनवलंय आणि त्यात कुशीवर वळणंही बघतात. तुमच्या फिजिओंना नक्की सांगा.

फिजिओ_इंटर्न:
बीपी ठीक. काट्यांवर उजवीकडे ४३, डावीकडे २५. बटणं लावताना डावा १९ वर आला. मग पँटच ओढायला लावली. उजवी बाजू सहज चढली. डावी ओढायला उजवा हात पलीकडे गेला, वजन डाव्या पायावर आलं आणि गुडघा सुटला.

जुनी_फिजिओ:
मग ४७ च्या शेजारी हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिही. डाव्या पायावर वजन घ्यायचा सराव उद्यापासून, आधी आधार धरून. तोवर पँट बसून मांड्यांपर्यंत चढवायची आणि उरलेल्या ओढण्यापुरतं उठायचं, तेही काकू डावीकडे असतील तेव्हाच.