भूकंपाचं अंतर निम्मंच येतंय, मदत हवी आहे (अर्जंट)

घाईतली_आई: लेकीचा प्रकल्प उद्या द्यायचाय. भूकंपाच्या आधी पोचणाऱ्या पी आणि मागून येणाऱ्या एस लहरींच्या वेळांतला फरक (सेकंदांत) ८ ने गुणला की भूकंपाचं अंतर किमीत मिळतं म्हणे. ४०८० आलं. नकाशावर तर सात हजारांच्या आसपास दिसतंय. काय चुकतंय?

कराडकर: कुठला भूकंप? नोंद कुठली?

घाईतली_आई: फरक साडेआठ मिनिटं, म्हणजे ५१० सेकंद. ५१० × ८. बरोबर आहे ना?

कराडकर: ताई, गुणाकार नाही विचारला.

निवांत: एस म्हणून भलतंच काही धरलं असणार. शेवटी येणारे मोठे हेलकावे पृष्ठलहरींचे, लव्ह आणि रॅले.

जुना_मास्तर: मग फरक वाढला असता. इथे अंतर कमी पडतंय.

घाईतली_आई: २०११ चा जपानचा. नोंद पुण्याची.

निवांत: हात्तिच्या! एस लहरी द्रवातून जात नाहीत, बाह्य गाभ्यात अडल्या.

जुना_मास्तर: अहो, गाभ्यामुळे एस न पोचणारा तो सावलीचा भाग भूकंपापासून १०३ अंशांच्या पुढे (अंश म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन). तोहोकू, म्हणजे तुमचा जपानचा भूकंप, ते पुणे जेमतेम ६२. या लहरी २९०० किमी खोलवरच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाहीत, प्रावरणातूनच वळून वर येतात. ८ चा आकडा जवळच्या भूकंपाचा. कवचात पी सेकंदाला ६ किमी, एस ३.५, ६ × ३.५ ÷ २.५ = ८.४. खोलात दोन्हींचा वेग वाढतो, प्रावरणाच्या तळाशी पी १३ च्याही वर. म्हणून लांबच्या भूकंपात फरक त्या मानाने कमी भरतो. प्रवासकालाचा आलेख घ्या, म्हणजे किती अंतरावर पी आणि एस किती वेळात पोचतात ते दाखवणारा. कागदाच्या पट्टीवर त्याच मापाने साडेआठ मिनिटांच्या खुणा करा, पट्टी उभी धरून सरकवा. पी आणि एसच्या रेघांमध्ये नेमकी बसेल तिथे खाली अंतर वाचा.

कराडकर: कोयना पुण्याच्या जवळ, तिथल्या भूकंपाला मात्र ८ चालेल. अवांतर: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, ११ डिसेंबर १९६७ ला, आमच्या आजीने रात्र अंगणात काढली, नंतर कित्येक महिने घरात झोपायला तयार नव्हती.

फ्लॅटवाला: आमची बिल्डिंग सात मजली, खाली नुसतं पार्किंग. धोका आहे का?

निवांत: बैठं घर बांधा. लिंटेलचा (दारं-खिडक्यांच्या वरचा) पट्टा चारही भिंतींवरून सलग घ्या.

फ्लॅटवाला: सातव्या मजल्यावर?

घाईतली_आई: पट्टी ६२ वर बसली! पण हे अंश आहेत. किमी?

जुना_मास्तर: एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, १११ ने गुणा.

घाईतली_आई: ६८८२. आभार!! मग पुस्तकात नुसतं ८ का छापतात?

फ्लॅटवाला: पार्किंगचं कोणी सांगेल का?