सल्ला हवा: नऊ पिनांच्या टीव्ही गेम पॅडला आर्केडची दांडी आणि बटणं कशी जोडायची?

कॅसेटवाला
कॅसेटवर चालणाऱ्या टीव्ही गेमचा, म्हणजे फॅमिकॉमच्या (निन्टेंडोच्या जुन्या जपानी कन्सोलच्या) नकलेचा पॅड आहे. प्लग नऊ पिनांचा, बोर्डावर चिपच्या जागी काळा गोळा. आठ कळा आणि वर दोन टर्बो (धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबल्यासारखी चालणारी बटणं). याला आर्केडची दांडी आणि बटणं जोडून १२ मिमी प्लायच्या खोक्यात बसवायचंय. सोल्डरिंग येतं. सामान कुठलं घ्यावं, तारा बोर्डावर नेमक्या कुठे लावाव्यात आणि टर्बो ठेवता येतील का?

झिरोपीसीबी
खरेदी नंतर, आधी मल्टिमीटर. पॅड कन्सोलपासून काढा आणि रबर बाजूला ठेवा. प्रत्येक कळेखाली कार्बनचे दोन भाग दिसतील. एक चिपकडे जातो, दुसरा बहुतेक पॅडांत सगळ्या कळांना कॉमन असतो आणि केबलच्या ग्राउंडला मिळतो. मल्टिमीटरच्या बझरवर विसंबू नका. कार्बनलाच बराच रेझिस्टन्स असल्यामुळे तो वाजेलच असं नाही. ओहमच्या रेंजवर मोजा.

आठही कळांचा कॉमन एकच निघाला तर आठ सिग्नलच्या तारा आणि एक ग्राउंड, एवढंच काम. कळ सुटी असताना चिपच्या इनपुटवर पुलअपमुळे (इनपुट ५ व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरमुळे) ५ व्होल्टच्या आसपास असतं, दाबली की ते ग्राउंडला जातं. आर्केड बटण हेच करतं, त्यामुळे वेगळे रेझिस्टर लागत नाहीत.

टर्बो मात्र स्वतंत्र तपासा. काही पॅडांत त्यांची दुसरी बाजू ग्राउंडला नसते, ठोके देणाऱ्या ऑसिलेटरच्या लाइनला असते. तसं असेल तर टर्बोच्या दोन्ही तारा वेगळ्या काढा आणि काळ्या कॉमन तारेत मिसळू नका.

कार्बनवर सोल्डर धरत नाही. कार्बनकडून चिपकडे जाणाऱ्या ट्रॅकवरचा रंगाचा थर ब्लेडने ३ मिमी खरवडा, तांबं चमकलं की फ्लक्स लावून आधी कथिल चढवा, मग ३० गेजची तार ठेवा. तपकिरी स्वस्त बोर्ड असेल तर २५ वॉटचं आयर्न आणि दोन सेकंद, त्याहून जास्त नको. तांबं गोंदावर चिकटवलेलं असतं आणि उष्णतेने ट्रॅक सुटून वर येतो.

त्या ३० गेजच्या तारा थेट बटणांपर्यंत नेऊ नका. पॅडचा बोर्ड आणि स्क्रू टर्मिनल लावलेला झिरो पीसीबी (नुसत्या भोकांचा कोरा बोर्ड) एकाच फळीवर स्क्रूने बसवा, बारीक तारा तिथपर्यंतच आणा आणि हॉट ग्लूने दाबून टाका. पुढे २२ किंवा २४ गेजची मल्टिस्ट्रँड तार. असली कामं मोडतात ती सर्किट चुकल्यामुळे कमी, तार ओढली जाऊन ट्रॅक उखडल्यामुळे जास्त.

लॅमिंग्टनकर
सामानाचं सांगतो. १२ मिमी प्लायला सान्वा ओबीएसएफसारखी खटक्याने बसणारी बटणं चालत नाहीत, त्यांच्या पकडी पातळ पत्र्यासाठी असतात. लांब आट्यांची, खालून नट लागणारी घ्या. भोक हातात आलेल्या बटणावरून मोजून पाडा: जपानी धाटणीला ३० मिमी, अमेरिकन धाटणीला साधारण २८. ए, बी आणि टर्बोला चार मोठी, स्टार्ट-सिलेक्टला २४ मिमीची दोन.

दांडी मायक्रोस्विचची, आठ दिशांच्या गेटची (गेट म्हणजे दांडी कुठे जाईल ते ठरवणारी खालची चौकट). चार दिशांचं गेट लावलंत तर कॉन्ट्रा गेममध्ये तिरकी गोळी मारता येणार नाही. दांडीखालचा प्लाय खालून कोरून ५-६ मिमीच ठेवा, नाहीतर दांडी वर आखूड राहते.

लग, म्हणजे बटणाच्या पायावर बसणारी तारेची टोपी, घेताना माप बघा. सान्वाच्या बटणांना २.८ मिमी, मोठ्या मायक्रोस्विचना बहुधा ४.८ मिमी. लग, तार, झिरो पीसीबी हे मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळेल. दांडी-बटणांचा सेट ऑनलाइन घेतलेला बरा.

ए आणि बी एका सरळ रेषेत नकोत. मारिओत बी धरून ठेवून ए मारायचा असतो. पॅडवर ते एकाच अंगठ्याने होतं, इथे दोन बोटं लागतात. बी तर्जनीखाली, ए मधल्या बोटाखाली थोडा वर, दोन्ही केंद्रांत ३६ मिमी.

चौथापाय
माझं मत जरा वेगळं. काळ्या गोळ्याच्या बोर्डावर ट्रॅक उखडला तर सोल्डर करायला चिपचा पायच नसतो. त्यापेक्षा सीडी४०२१बीई ही शिफ्ट रजिस्टर चिप (आठ कळांची स्थिती एकामागून एक एकाच तारेवर पाठवणारी) घ्या, अस्सल एनईएस (फॅमिकॉमची परदेशी आवृत्ती) पॅडमध्येही ४०२१च असते. पाय १ ए, १५ बी, १४ सिलेक्ट, १३ स्टार्ट, ४ वर, ५ खाली, ६ डावं, ७ उजवं. या आठांना प्रत्येकी १०के पुलअप. कन्सोलकडे जाणाऱ्या तारा: ९ लॅच, १० क्लॉक, ३ डेटा. १६ ला ५ व्होल्ट, ८ आणि ११ ग्राउंडला. ८ आणि १६ च्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो गाळू नका. टर्बो जातील, पण निम्म्या गेममध्ये ते लागतही नाहीत.

केबल जुन्या पॅडचीच कापून घ्या. तारांच्या रंगांवर जाऊ नका, कुठली तार कुठल्या पिनला जाते ते मोजून कागदावर लिहा. आणि प्लग सारखा दिसतो म्हणून सेगा मेगा ड्राइव्हचा पॅड याला लावू नका, त्याच्या पिनांची मांडणी वेगळी आहे.

कॅसेटवाला
जुन्याच बोर्डावर जोडणी केली. आठ कळांचा कॉमन एक निघाला, टर्बोचा वेगळा. आता दांडी वर केली की मारिओ खाली बसतो, आणि डावी दिशा कायम दाबलेली राहते. उजवी नीट चालते.

झिरोपीसीबी
पहिलं साहजिक आहे. दांडी मध्ये टेकलेली असते, वर ढकलली की तिचं खालचं टोक उलट बाजूचा स्विच दाबतं. वर-खालीच्या सिग्नलच्या तारा अदलाबदल करा. डावी-उजवीही त्याच नियमाने बघा.

डावी कायम दाबलेली म्हणजे त्या स्विचची तार एनओऐवजी (दाबल्यावर जोडला जाणारा पाय) एनसीवर (न दाबताच जोडलेला पाय) गेली असावी. तीन पायांपैकी सीओएमला (कॉमनला) काळी ग्राउंडची तार, एनओला सिग्नल, एनसी मोकळा. तो बरोबर असेल तर डावीची तार झिरो पीसीबीवरून सोडवून बघा. तरीही दिशा दाबलेलीच राहिली तर दोष बोर्डावर आहे: खरवडलेल्या जागी सोल्डरचा पूल किंवा कार्बनची भुकटी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा.

लॅमिंग्टनकर
काळी तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेत नेली असेल तर तिचं शेवटचं टोकही परत टर्मिनलला आणून गोल पूर्ण करा. मग एखादा लग सुटला तरी पुढची बटणं मरत नाहीत.