आरडीएचा आकडा रोज गाठायलाच हवा का?

रानवारा (धागाकर्ता)

हल्ली बरेच जण रोजच्या खाण्याची नोंद मोबाइलवर ठेवतात. रात्री ॲप हिशोब देतं: लोह ७२ टक्के, कॅल्शियम ६४ टक्के, मॅग्नेशियम लाल रंगात. मग ती तूट भरून काढायला गोळ्या सुरू होतात. माझ्या मते या आकड्याचा असा वापर चुकीचा आहे.

आरडीए, म्हणजे शिफारस केलेलं दैनंदिन प्रमाण, ठरतं कसं ते बघा. एकाच वयोगटातल्या निरोगी माणसांमध्येही प्रत्येकाची गरज वेगळी असते. ज्या प्रमाणात निम्म्या लोकांचं भागतं ती सरासरी गरज. तिच्यात दोन प्रमाण विचलनं (माणसामाणसांच्या गरजा सरासरीपासून किती पसरल्या आहेत याचं माप) मिळवली की आरडीए येतो, म्हणजे गटातल्या ९७-९८ टक्के लोकांना पुरेल एवढं प्रमाण. प्रथिनांचं घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात प्रौढांची सरासरी गरज वजनाच्या दर किलोमागे ०.६६ ग्रॅम आहे आणि शिफारस ०.८३ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम सांगितले जातात, पण त्याच वजनाच्या निम्म्या लोकांचं ४० ग्रॅममध्येच भागतं. ४५ ग्रॅम खाल्ले तर ॲपला तूट दिसते, शरीराला बहुधा जाणवतही नाही.

अमेरिकेत हे काम १९४१ मध्ये युद्धाच्या तयारीत सुरू झालं आणि पहिली अधिकृत यादी १९४३ मध्ये छापली गेली. मोठ्या समूहाच्या अन्नाचं नियोजन हा तिचा मुख्य उपयोग होता. एकट्या माणसाने रोज रात्री स्वतःला गुण द्यावेत यासाठी ती नव्हती. धान्य, डाळी, पालेभाज्या, फळं, दूध किंवा अंडी-मासे असं आलटून पालटून खाणाऱ्या निरोगी माणसाला रोजची बेरीज कशाला हवी?

दगडफूल

अजिबात पटलं नाही. "आलटून पालटून खा" हे ऐकायला छान आहे, पण आपलं जेवण समतोलच आहे असं प्रत्येकाला वाटतं. आकडा नसेल तर तो समज तपासायचा कशाने?

लोहाचंच बघा. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार १९ ते ५० वयाच्या बाईला १८ मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला ८. घरात स्वयंपाक एकच असतो, बाईचं जेवण बहुतेक वेळा पुरुषापेक्षा थोडं असतं आणि तिची गरज मात्र दुपटीहून जास्त. ताटाकडे बघून हे कसं कळणार? शरीरातला साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. तोवर थकवा येतच असतो आणि "कामाचा ताण असेल" म्हणून सोडून दिला जातो.

दुसरं बी १२. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्याच्या ताटात सगळे रंग असले तरी बी १२ जवळजवळ शून्य. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटत राहतं, आणि कळेपर्यंत कधी कधी मज्जातंतूंना इजा झालेली असते. प्रौढाची गरज दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम आहे. एवढीशी गोष्ट केवळ आकड्यांचा तिटकारा म्हणून राहून जावी, याचा मला खरंच राग येतो.

गणितवेडा

एक मुद्दा दोघांकडूनही सुटला. ऊर्जेची शिफारस या पद्धतीने ठरत नाही. कॅलरी गटाच्या सरासरीएवढ्याच सांगतात, कारण तिथे दोन विचलनं मिळवली तर बहुतेकांचं वजन वाढेल. आणि वेष्टनावरची टक्केवारी अनेकदा २००० कॅलरींचा आहार धरून काढलेली असते, तुमच्या देहयष्टीचा तिच्याशी संबंध नाही.

शिवाय देश बदलला की आकडा बदलतो. क जीवनसत्त्व ब्रिटनमध्ये प्रौढांना ४० मिलिग्रॅम, अमेरिकेत पुरुषांना ९०. स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) टाळायला साधारण १० पुरतात. कॅल्शियम ब्रिटनमध्ये ७००, अमेरिकेत बहुतेक प्रौढांना १०००. माणसाचं शरीर तेच आहे. फक्त रोग टाळायचा की शरीरात साठाही राखायचा, याचं उत्तर प्रत्येक समितीने वेगळं दिलंय. म्हणून ६४ टक्के वाचून घाबरण्याआधी ते कशाचे ६४ टक्के आहेत हे विचारा.

अनाहत

दगडफूल यांना +१. गणितवेडा, दोन समित्यांचं जमत नाही म्हणून दोन्ही आकडे निकामी ठरत नाहीत. कोणी दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेत असेल तर ते दोन्हीकडे कमीच आहे.

वयस्कर माणसांचा विचार करा. भूक कमी होते, कॅलरी कमी लागतात, पण जीवनसत्त्वं आणि खनिजं जवळपास तेवढीच लागतात, काही तर जास्त. "सगळं थोडं थोडं खातो" म्हणणाऱ्या आजोबांच्या त्या थोड्या थोड्याची बेरीज कोणीतरी करायलाच हवी.

रानवारा

दगडफूल, बी १२ चं मान्य. फॉलिक ॲसिडचंही मीच सांगतो: गर्भाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगतात, आणि तो सल्ला योग्यच आहे. पण ही गोळी आपण कोणत्या गटात आहोत यावरून ठरते. त्यासाठी जेवणाची नोंद लागत नाही.

माझा आक्षेप बेरजेवर आहे. पालकात कॅल्शियम भरपूर दिसतं, पण पालकातच असलेल्या, कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झॅलेटमुळे त्यातलं साधारण ५ टक्केच शोषलं जातं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. वनस्पतिजन्य लोह जेवणात लिंबू असेल तर चांगलं शोषलं जातं, जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी. ॲप या सगळ्याचे मिलिग्रॅम एकाच रकान्यात टाकतं.

तूट गोळीने भरण्याचा धोकाही खरा आहे. बीटा कॅरोटीन असलेली फळं-भाज्या खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांना त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ आणि १९९६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि गोळी घेणाऱ्यांत कर्करोग वाढलेला निघाला. फळात जे होतं ते नुसत्या गोळीत आलं नाही.

सांजवात

खाण्याबद्दल ज्यांच्या मनात आधीच भीती आहे त्यांच्यासाठी रोजची नोंद घातक ठरू शकते. घासागणिक हिशोब सुरू होतो आणि चार लोकांत बसून जेवणं नकोसं होतं. अशा माणसाला कृपया ॲप सुचवू नका.

दगडफूल

सांजवात, पूर्ण सहमत. अशा वेळी तज्ज्ञाने बघावं.

रानवारा, गोळ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण मोजणं आणि गोळी घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी मोजा म्हणतेय. जास्तीचं तरी मोजल्याशिवाय कुठे कळतं? मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, वरून घातलेली साखर ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. पाकिटातल्या पदार्थांतलं मीठ जिभेला नेहमी जाणवत नाही. एखादा आठवडा नोंद ठेवा, अंदाज आला की थांबवा.

रानवारा

मीठ-साखरेला आठवडा पुरेल. अ जीवनसत्त्वाला नाही. ते काही थोड्या पदार्थांत प्रचंड असतं आणि बाकीच्यांत नगण्य, त्यामुळे एक दिवस तिप्पट आणि पुढचे कित्येक दिवस निम्मं असं चालतं. यकृत साठा धरून ठेवतं. त्या आठवड्याची नोंद काहीही दाखवेल. शंका असेल तर रक्त तपासून घ्यावं, तो पुरावा बेरजेपेक्षा चांगला.

दगडफूल

लोहासाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) तपासा, बी १२ तपासा, चांगलंच आहे. पण कॅल्शियमचं काय करणार? खाण्यातून कमी आलं तर शरीर ते हाडांतून काढून रक्तातली पातळी सांभाळतं. वर्षानुवर्षं कमी खाणाऱ्याचा अहवालही नॉर्मल येतो आणि हाडं ठिसूळ होत राहतात. तिथे रक्ताची तपासणी तूट दाखवत नाही. किती खाल्लं हे मोजण्याशिवाय तुमच्याकडे दुसरा कोणता मार्ग आहे, ते सांगा.