बाहेरच्या फ्रेमची सॅक अडगळीत टाकण्याआधी

सावकाश

गेल्या आठवड्यात सात दिवसांची चाल पुरी करून आलो. पाठीवर बाहेरच्या फ्रेमची जुनी सॅक, निघताना भरून साडेएकवीस किलो. वाटेत भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक गटाने तिच्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, "ही अजून वापरता?" नवीन सॅक घ्यायला गेलात तर हा प्रकार दाखवायलाही काढत नाहीत. मला हे चुकीचं वाटतं, मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी आधी फरक सांगतो. बाहेरच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची शिडीसारखी चौकट उघडी दिसते. पिशवी त्या चौकटीला पिनांनी अडकवलेली असते आणि पाठ टेकते ती चौकटीवर ताणून बांधलेल्या जाळीला. आतल्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्या किंवा प्लास्टिकचा ताठ पत्रा सॅकच्या पाठीतल्या खणात सरकवलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही.

माझं म्हणणं असं: वजन पंधरा-सोळा किलोच्या वर असेल आणि वाट मळलेली असेल, तर बाहेरची फ्रेम आजही उजवी आहे. चौकट वजनाखाली दबत नाही, त्यामुळे ओझं खांद्यावर न राहता सरळ कंबरपट्ट्यावर उतरतं. पिशवी चौकटीच्या वरच्या भागात असते, म्हणून जड सामान उंच बसतं आणि फार वाकून चालावं लागत नाही. पाठीला फक्त जाळी लागते, मधून वारा जातो. भर दुपारीही माझा शर्ट पाठीवर चिकटलेला नसतो, आणि सलग सात दिवस घामोळं न येणं ही लहान गोष्ट नाही.

वजन कंबरेवर घ्यायची सवयसुद्धा बाहेरच्या फ्रेमनेच लावली. 1952 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये डिक केल्टी यांनी घरच्या गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवून चौकटी बनवल्या. त्यांच्या पत्नी नीना पिशव्या शिवायच्या. चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली की खांदे हलके होतात, हे एकदा चालता चालता लक्षात आलं आणि त्यातून कंबरपट्ट्याची कल्पना निघाली, असं सांगतात. आतल्या फ्रेमच्या सॅकला आज जो पट्टा असतो तो या चौकटीचा वारसा आहे.

वापरून विरोधात असाल तर जरूर लिहा. न वापरताच "जुनं" म्हणू नका.


कातळवेडी

चार वर्षं वापरली आहे आणि विरोधात आहे.

सावकाशजी, तुमच्या वाक्यातलं "वाट मळलेली असेल तर" हे फार मोठं "तर" आहे. माझा अनुभव सांगते. ओढा ओलांडत होते, एका दगडावरून दुसऱ्यावर. पाऊल नीट पडलं, मी थांबले, पण सॅक थांबली नाही. क्षणभर उशिराने तिने मला उजवीकडे ओढलं. गुडघा दगडावर आपटला आणि पुढचे तीन दिवस प्रत्येक उताराला त्याची आठवण होत राहिली. सामान तितकंच, वाट तीच, पुढच्या वर्षी आतल्या फ्रेमची सॅक घेऊन गेले. ती माझ्याबरोबर थांबली. मला एवढं पुरलं.

झाडीतही तेच. फांदीखालून वाकून निघालं की डोकं सुटतं, पण नळीचं वरचं टोक अडकतं. कातळावर चढताना मान वर करून पुढची पकड बघावी तर चौकट डोक्याला लागते.

इतिहास काढलाच आहे तर पुढचाही सांगायला हवा. ग्रेग लोव यांनी 1967 मध्ये आतल्या फ्रेमची सॅक बनवली. ते स्वतः गिर्यारोहक होते. हात वापरून चढायचं असेल तर ओझं अंगाला चिकटूनच हवं, ही गरज त्यामागे होती. ती फॅशन नव्हती.


लांबपल्ला

सावकाश यांना पूर्ण पाठिंबा. आतल्या फ्रेमच्या सॅकमध्ये पिशवीच्या आकाराचंच सामान बसतं. पाण्याचा मोठा कॅन, दोरांची वेटोळी, सगळ्या गटाचा तंबू हे कुठे ठेवायचं? बाहेर लटकवलं की सॅक एका बाजूला ओढते. चौकटीला काहीही बांधता येतं, पिशवी काढून नुसती चौकट वापरता येते. शिकार करून मांस पाठीवरून आणणारे लोक आजही चौकटच वापरतात, कारण चाळीस किलोचं वेडंवाकडं ओझं दुसऱ्या कशावर नीट राहत नाही.

सैन्याचं उदाहरण बघा. अमेरिकी मरीन दलाने मध्यंतरी आतल्या फ्रेमची सॅक घेतली होती. ती चिलखतावर नीट बसेना, मग पुन्हा बाहेरच्या फ्रेमकडे वळले.


कातळवेडी

चिलखत घालून आपल्यापैकी कोण चालतं? आणि चाळीस किलो कोण उचलतं? त्यांची गरज वेगळी, आपली वेगळी. गरज बघून सॅक निवडावी हे मान्य असेल, तर ते उदाहरण आपल्याला लागू होत नाही.


हिशोबी

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मोजता येतं. ढोबळ आकडे धरू. बाहेरच्या फ्रेममध्ये सामानाचा गुरुत्वमध्य खुब्याच्या सांध्यापासून 60 सेंमी वर आणि 25 सेंमी मागे. आतल्या फ्रेममध्ये 40 सेंमी वर आणि 18 सेंमी मागे.

आधी पुढे झुकणं. हा मध्य खुब्याच्या बरोबर वर आणायचा तर पहिल्यात साधारण 23 अंश झुकावं लागेल आणि दुसऱ्यात 24. (प्रत्यक्षात आपलं स्वतःचं वजनही पुढे येतं, म्हणून इतकं झुकत नाही कोणी, पण तुलना तीच राहते.) म्हणजे ओझं लांब असल्याचा तोटा उंचीने भरून निघतो. सपाटीवर बाहेरची फ्रेम मागे खेचते हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही.

पण डावी-उजवीकडचा झोका उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 60 चा वर्ग 3600, 40 चा 1600. झोका सुरू करायला आणि थांबवायला सव्वादोन पट जोर लागतो. उभ्या उभ्या गिरकी घ्यायची तर मागच्या अंतराचा वर्ग बघायचा, 625 विरुद्ध 324, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ओढ्यात गुडघा आपटला त्याचं कारण हे आहे.


सावकाश

हिशोबी, धन्यवाद. झोक्याचा मुद्दा मान्य. पण तुमचे 40 सेंमी कायम राहत नाहीत. आतल्या फ्रेममध्ये जड सामान कुठे ठेवलं त्यावर ते बदलतं आणि बहुतेकांची सॅक चुकीची भरलेली असते. तळाशी जड डबे, वर कपडे, तंबू बाहेरच्या खिशात. मग ओझं खालीही जातं आणि मागेही, आणि माणूस दिवसभर कमरेतून वाकून चालतो. बाहेरच्या फ्रेमची रचना ही चूक सहसा होऊ देत नाही. स्लीपिंग बॅग खाली चौकटीला बांधायची असते, त्यामुळे जड सामान आपोआप वर जातं.


कातळवेडी

चूक करणाऱ्याला शिकवता येतं. स्लीपिंग बॅग तळाशी, सगळ्यात जड वस्तू पाठीच्या फळ्यांच्या मधोमध आणि पाठीला चिकटून, हलकं सामान बाहेरच्या बाजूला. वाट वाईट असेल त्या दिवशी तेच जड सामान एक वीत खाली घ्यायचं. मळलेल्या वाटेसाठी वेगळी भरणी आणि दगडधोंड्यांसाठी वेगळी, हे मला करता येतं. तुमच्या चौकटीत ओझं वर म्हणजे वरच राहतं.

वाऱ्याचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. आतल्या फ्रेममध्ये पाठ भिजते. हल्ली ताणलेल्या जाळीच्या पाठीच्या सॅक मिळतात, त्यांत पाठ कोरडी राहते, पण मधल्या पोकळीमुळे ओझं पुन्हा मागे सरकतं. मी पाठ भिजू देते.


सुईदोरा

मी सॅक दुरुस्त करून देते, त्यामुळे कुठल्या प्रकाराचं काय मोडतं ते रोज हाताखालून जातं.

बाहेरच्या फ्रेममध्ये पिनांच्या टोकाच्या कड्या हरवतात, जाळी ढिली पडते आणि क्वचित जोडाजवळ नळीला चीर जाते. पहिल्या दोन गोष्टी वाटेवर बसून दुरुस्त होतात. चीर मात्र होत नाही. आतल्या फ्रेममध्ये पट्टीचं खालचं टोक खणाचं कापड घासून घासून बाहेर येतं. बाहेरून कळत नाही, आणि एके दिवशी पट्टी कमरेत टोचायला लागते. चालून आल्यावर त्या कोपऱ्यावरून बोट फिरवून बघा. कापड पातळ लागलं तर भोक पडायच्या आधी ठिगळ लावून घ्या.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक करतात. सॅकच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतील तर त्या तुमच्या पाठीसाठी वाकवता येतात. बाहेर काढा, सरळ उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पट्टी तुमच्या पाठीवर उभी धरायला सांगा. कमरेच्या खोलगट भागात आणि मानेच्या खाली जिथे फट दिसेल तिथे गुडघ्यावर टेकवून हळूहळू वाकवा, परत लावून बघा. दोन पट्ट्या असतील तर एकमेकींवर ठेवून वळण जुळवा. हे केल्यावर आतल्या फ्रेमची सॅक अंगावर अशी बसते की वीस किलोसुद्धा जाणवायचे कमी होतात. हे न करता आतल्या फ्रेमला नावं ठेवणारे आणि कंबरपट्टा सैल ठेवून बाहेरच्या फ्रेमला नावं ठेवणारे, दोन्ही मी बघते.


नवी_पावलं

मोठ्यांच्या चर्चेत मधेच विचारते, माफ करा. माझं सामान अकरा किलोच्या आसपास, तीन दिवसांची चाल, वाट अर्धी मळलेली आणि अर्धी घसाऱ्याची. भावाची आतल्या फ्रेमची सॅक आणली आहे. पहिल्याच सरावात खांदे भरून आले. बाहेरची फ्रेम घेऊन फरक पडेल का?


सुईदोरा

आधी पाठीची लांबी मोजा. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो मणका सगळ्यात उठून दिसतो, तिथून सुरुवात. दोन्ही हात कमरेवर अंगठे मागे करून ठेवा, तळवे कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर. अंगठ्यांना जोडणारी रेघ हा शेवट. फीत पाठीच्या वळणाला धरून लावा आणि दुसऱ्याकडून मोजून घ्या.


नवी_पावलं

मोजली, 42 सेंमी. सॅकवर 48 ते 53 लिहिलंय.


सुईदोरा

मग कंबरपट्टा कमरेच्या खाली घसरतो आणि सगळं वजन खांद्यावर येतं. यात फ्रेमचा काही दोष नाही. तुमच्या मापाची सॅक मिळवा. पट्ट्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवा. आधी तो घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे, आणि शेवटी खांद्यावरून सॅककडे तिरके जाणारे छोटे पट्टे, ते साधारण 45 अंशांत. अकरा किलो आणि घसारा असेल तर मी आतलीच फ्रेम सांगेन.


सावकाश

मीही तेच सांगेन. अकरा किलोला चौकटीचं स्वतःचं वजन परवडत नाही.

कातळवेडी, तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. या वेळी पाचव्या दिवशी एक आडवी घळ लागली, तीस-चाळीस पावलांची, खाली सरळ उतार. मी सॅक पाठीवर ठेवून गेलो नाही. उतरवली, दोर बांधला, पलीकडच्या सोबत्याने ओढून घेतली. तेव्हा ते नेहमीचंच वाटलं होतं. तुमचा ओढ्याचा किस्सा वाचल्यावर जाणवलं की आतल्या फ्रेमची सॅक असती तर मी न उतरवता गेलो असतो. बाकीचे साडेसहा दिवस मात्र मी माझी सॅक कोणाच्याही सॅकशी बदलली नसती.


कातळवेडी

ती घळ दोराने पार केलीत हे बरं केलंत. पुढच्या महिन्यात माझी दहा दिवसांची चाल आहे, सगळी रुंद वाट, आणि पहिल्या टप्प्यात पाणी बरोबर वाहायचंय. माझी जुनी चौकट अजून माळ्यावर आहे. तिच्या दोन पिना गेल्यात. तुमच्या सॅकच्या पिना कुठल्या मापाच्या आहेत?


सावकाश

मापावर जाऊ नका, कंपनीप्रमाणे बदलतं. चौकटीतली एक शाबूत पिन काढून बरोबर न्या आणि तिच्याच जाडीची, लांबीची घ्या. पिशवी आणि नळी दोन्ही पार करून टोकाचं भोक बाहेर दिसलं पाहिजे, नाहीतर कडी बसत नाही. दोन पिना जास्तीच्या घ्या आणि त्या वरच्या खिशात न ठेवता चौकटीच्या आडव्या नळीलाच चिकटपट्टीने गुंडाळून ठेवा. कडी हरवली तर किल्ल्यांची लहान रिंग चालते. माझ्या डावीकडच्या खालच्या पिनेला सहा वर्षं तीच आहे.