डबीतला कापूर जातो कुठे?

प्रश्न
दिवाळीत डबी भरून कापराच्या वड्या ठेवल्या होत्या. काल आरतीला उघडली तर तळाशी चार कण्या! ओल नाही, डाग नाही. सासूबाई म्हणतात, "मिरी घातली नाहीस, म्हणून उडाला." सातवीतला लेक म्हणतो, घन पदार्थाचे कण जागा सोडत नाहीत. मग वड्या काय चालत गेल्या?

उत्तर
ताई, लेकाचं अर्धं बरोबर. घनातले कण जागच्या जागी थरथरत असतात. पण कापराच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल. वरच्या थरातले काही सुटतात आणि थेट वायू होतात, द्रवाची पायरीच गाळून. हेच संप्लवन. कापूर वितळायला सुमारे 175 अंश सेल्सिअस लागतात, मग ओल दिसणार कुठून? डबी उघडताच येणारा वास म्हणजे हवेच्या रेणूंशी धडका घेत नाकापर्यंत पोचलेला तुमचा कापूरच.

दुसरे एक
मग मीठ का उडत नाही?

उत्तर
मिठात धन आणि ऋण आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, एकमेकांना करकचून धरून असतात. वितळायलाच 801 अंश लागतात.

प्रश्नकर्ती
आणि मिरी?

उत्तर
रेणू अडवायला मिरी काय करणार! झाकण घट्ट हवं. मग वडीतून जेवढे सुटतात तेवढेच कोंडलेल्या वाफेतून परत वडीवर बसतात.

प्रश्नकर्ती
आत्ता पाहिलं, झाकणाला बारीक चीर आहे. स्टीलची फिरकीची डबी काढली. मिरीचे दोन दाणे टाकलेत मात्र, घरात शांतता हवी ना!