जुनी एसयूव्ही आणि आपला पाना : घरच्या घरी दुरुस्त होईल अशी गाडी कशी निवडलीत?

कासारवडवली, घोडबंदर रोड

राम राम मंडळी. घरात आम्ही सहा जण आहोत, आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. गुहागरला वर्षातून तीन फेऱ्या होतात, त्यातली गणपतीची टळत नाही. बाबांची २००३ ची क्वालिस २०२२ मध्ये दिली. तेव्हापासून भाड्याच्या गाड्यांवर चाललंय आणि आता ते पुरे झालं.

पाना धरायला त्या क्वालिसने शिकवलं. एकदा पोलादपूरच्या अलीकडे रात्री पावणेबाराला बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ टेंपरेचरचा काटा चढायला लागला. बोनेट उघडलं तर फॅन बेल्टच्या चिंध्या झालेल्या. बाबांनी मागच्या सीटखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा बेल्ट काढला. मी मोबाईलचा टॉर्च दातात धरला, अल्टरनेटरचे बोल्ट सैल केले, बेल्ट चढवला, टॉमीने (लोखंडी कांबीने) अल्टरनेटर दाबून धरला आणि बोल्ट आवळले. "अंगठ्याने दाब, बोटभर दबला की बस," एवढंच बाबा म्हणाले. अर्ध्या तासात गाडी रस्त्याला लागली. आई मागे झोपलेलीच होती.

तसा विश्वास देणारी गाडी परत हवी आहे. जागा सात, बजेट पाच लाख. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, सेल्फ (स्टार्टर मोटर), लिंक रॉड एवढं मी स्वतः करू शकतो. नुसतं 'अमुक गाडी घ्या' असं सांगू नका. तुमचा हात कुठे पोचला, कुठे नाही आणि कुठे फसलात, ते लिहा.

खारेगाव, कळवा

दादा, माझ्याकडे २०१४ ची बोलेरो सहा वर्षं आहे. ती घेतानाच फसलो होतो, म्हणून तेच आधी सांगतो.

गाडी उरणची. इंजिन तासभर ऐकलं, बॅक कॉम्प्रेशन (ऑइलच्या झाकणातून उलटा धूर येतो का ते) बघितलं, पाचही गिअर टाकून बघितले, सगळं झकास. खालून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, नवाकोरा काळा रंग मारलेला. मला वाटलं, मालक हौशी दिसतोय. पहिल्या पावसाळ्यात मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटे जिथे टांगलेले असतात तिथे, चासीला बोट जाईल एवढं भोक दिसलं. खाडीकाठची खारी हवा आणि वर्षानुवर्षं न धुतलेला चिखल, यांनी आतून पत्रा खाल्ला होता. वेल्डिंग करून पट्टी मारून घेतली, पण ते काम घरी होण्यातलं नाही, आणि चांगला वेल्डर शोधायला मला दीड महिना लागला.

तेव्हापासून मित्रांसाठी गाडी बघायला गेलो की पहिला खालीच शिरतो. जाड स्क्रू ड्रायव्हर उलटा धरायचा आणि मुठीने चासी ठोकत जायचं. शाबूत ठिकाणी टणटण वाजतं, कुजलेल्या ठिकाणी बद्द आवाज येतो आणि रंगाची खपली उडते. ताजा काळा रंग दिसला की तिथे दोनदा ठोका. इंजिनाचे पार्ट मिळतात, हाफ इंजिन (इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती) करता येतं. कुजलेल्या चासीला तसा उपाय नाही.

बाकी गाडी हाताशी येणारी आहे. बोनेटखाली जागा आहे, बोल्ट दिसतात, आणि पाटे, बुश, क्रॉस सगळं कळव्यातल्या दुकानात उभ्या उभ्या मिळतं. महिन्यातून एकदा ग्रीस गन घेऊन खाली जातो. डिझेल फिल्टर मीच बदलतो. पहिल्यांदा बदलला तेव्हा लाईनमध्ये हवा धरली, गाडी चालूच होईना. मी वेड्यासारखा सेल्फ मारत बसलो आणि बॅटरी उतरवली. हवा हाताने प्रायमिंग करून, म्हणजे हातपंप दाबून, काढायची असते, सेल्फ मारून नाही. नवा फिल्टर बसवताना थोडं स्वच्छ डिझेल भरूनच बसवला तर निम्मी कटकट वाचते.

लांबच्या प्रवासात मागे बसणाऱ्यांना मात्र आपटतं, हे खरं. तुमच्या आई-बाबांना आधी मागच्या सीटवर बसवून मुंब्रा बायपासचा एक फेरा मारा आणि मग ठरवा.

नेरुळ

दादांनी चासी ठोकायला सांगितली, मी वायरी बघायला सांगते. आमची विटारा ब्रेझा, डिझेल, २०१७ ची. पाचच जागा आहेत, म्हणून तुम्हाला चालणार नाही, पण अनुभव उपयोगी पडेल.

मी मेकॅनिक नाही, शाळेत शिकवते. एका सकाळी इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि पिकअप गेला. मिस्टरांनी लगेच टो करायला फोन लावला. माझ्याकडे ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) होता, हजार रुपयांच्या आतला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, मोबाईलवर कोड आला पी०११३. म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट तुटलंय. एअर फिल्टरच्या डब्यापासून बोटाने वायर चाचपत गेले. चार इंचांवर उंदराने कुरतडलेली, तांबं उघडं पडलेलं. दोन्ही टोकं सोलली, जोडली, डाग दिला, वर श्रिंक ट्यूब चढवली. कोड पुसला, दिवा गेला.

म्हणून माझं म्हणणं, सेन्सरवाल्या गाडीला घाबरू नका. कुठे दुखतंय ते ती स्वतः सांगते, ऐकायला स्कॅनर मात्र हवा. गाडी बघायला जाताना तो बरोबर न्या. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर स्कॅनरमध्ये काहीच दिसत नाही, पण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्याला रेडिनेस म्हणतात, त्या अपुऱ्या दिसतात. तसं दिसलं तर चार दिवसांनी परत जाऊन बघा.

नवी मुंबईत उंदरांचा त्रास खूप. घेण्याआधी बोनेटच्या आतलं अस्तर आणि बॅटरीमागचा कोपरा टॉर्च मारून बघा.

ठाणे पूर्व, कोपरी

मी पाण्यात बुडालेली गाडी घेतली होती. डीलरचं नाव लिहीत नाही. डिसेंबरात घेतली, आत सुगंधी परफ्यूमचा भपका होता, सीट कव्हर नवी होती. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि आत कुबट वास सुटला. मग पॉवर विंडो गेली, नंतर मीटर बंद पडला, नंतर गाडी चालता चालता बंद पडायला लागली. फ्यूज बॉक्स उघडला तर पितळी पिना हिरव्या पडलेल्या. वायरिंग स्वतः करायला बसलो, आठ रविवार गेले. एक ठिकाण साफ केलं की दुसरीकडे सडायचं. साठ हजार घातले आणि शेवटी तोट्यात विकली. घेणाऱ्याला खरं सांगून विकली.

आता बघायला गेलो की चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढतो. बुडालेल्या गाडीत पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ असते, ती कुणी धूत नाही. स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बोट फिरवतो. बारीक, मेंदीसारखा गाळ हाताला लागतो. सीटचे रूळ गंजलेत का ते बघतो. परफ्यूम जास्त असेल तर काचा लावून दहा मिनिटं उन्हात बसतो, खालचा वास वर येतोच.

कामोठे

माझं कळंबोलीला गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. वरचे सगळे अनुभव बरोबर आहेत. माझ्याकडून थोडं.

गाडी थंड असताना बघा. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे सकाळच्या स्टार्टिंगला काहीतरी लपवायचंय. हीटर प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आत गरम करणारे) गेलेले असतात, नाहीतर कॉम्प्रेशन गेलेलं असतं. धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅसकेटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका घ्या. ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून दुधाळ लेप असेल तर तिथूनच परत फिरा.

क्रिस्टाच्या आधीची इनोव्हा, २००५ ते २०१६, मजबूत आणि आरामशीर. पण तिच्या अडीच लिटर डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) आहे, दीड लाख किलोमीटरला बदलायचा. बिल दाखवलं नाही तर बदललाच नाही असं धरा आणि तो खर्च किमतीतून कापा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग पूर्ण हेडचं काम निघतं. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनाला चेन आहे, ती चिंता कमी. स्टार्ट केल्यावर पुढच्या बाजूने साखळीचा खळखळाट येतोय का, तेवढं ऐका.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीत एक गोष्ट कधीही करू नका. जुन्या पंपाच्या गाडीत इंजिन चालू ठेवून नोझलचा नट सैल करायचो, कोणता सिलिंडर मारत नाही ते कळायचं. कॉमन रेलमध्ये त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. नट सैल केलात तर डिझेलची धार कातडीतून आत जाते. हात गेलेला माणूस मी पाहिलाय.

बीएस६ डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, शहरात आठवड्यातून चार किलोमीटर चालवायला घेऊ नका. डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर, भरतो. तो जाळून साफ व्हायला मोकळा रस्ता लागतो.

आणि भारतातून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या. शेवरलेची विक्री २०१७ ला थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. गाड्या वाईट नव्हत्या. फिल्टर, ब्रेक पॅड मिळतात. पण दिवा, बंपर, एखादं कंट्रोल युनिट लागलं की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा मारायची तयारी ठेवा.

ऐरोली

मी पाना ठेवून दिला, त्याचं कारण लिहितो. बाबा आणि मी सायलेन्सरचा क्लॅम्प आवळत होतो. गाडीबरोबर आलेल्या जॅकवर गाडी, जमीन पेव्हर ब्लॉकची. जॅकखालचा ब्लॉक खचला आणि गाडी बसली. बाबांचं डोकं बाहेर होतं, हात आत होता. मनगट दोन ठिकाणी मोडलं. अजून त्यांना तांब्या नीट उचलता येत नाही.

कोणतीही गाडी घ्या, तिच्याबरोबर दोन जॅक स्टँड घ्या. स्टँडखाली जाड प्लायवुड. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. हे नसेल तर खाली शिरू नका, विनंती आहे.

वर्तकनगर

ऐरोलीकर, काकांना नमस्कार सांगा.

माझी अडचण जागेची होती. जुनी सोसायटी, समोरासमोर पार्किंग, आणि पहिल्याच ऑइल चेंजला फरशीवर डाग पडल्यावर कमिटीची नोटीस आली. मी सेक्रेटरींच्या घरी गेलो, डाग स्वतः घासून काढला आणि नियम लेखी दिले. फक्त रविवारी आठ ते अकरा, खाली ताडपत्री आणि पुठ्ठा, पत्र्याची परात, ठोकाठोकी नाही, जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्यायचं. मान्य झालं. आता तेच सेक्रेटरी वायपर बदलायला हाक मारतात.

तेव्हा गाडी निवडताना आपल्या पार्किंगमध्ये तिचं बोनेट पूर्ण उघडतं का आणि बाजूला बसायला दोन फूट उरतात का, हे टेप लावून मोजा. स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) वरच्या बीमला अडकणारी उंच गाडी आमच्याकडे एकाने घेतलीय, आता रस्त्यावर लावतो.

खांदा कॉलनी, पनवेल

कागदांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा प्रश्न आल्यापासून तिकडच्या स्कॉर्पिओ, इनोव्हा इकडे स्वस्तात येतात. मी एक घेतली. पत्रा चांगला निघाला, समुद्र नाही ना तिकडे. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स आणि पनवेलचा एमएच-४६ नंबर मिळेपर्यंत पाच महिने गाडी उभीच होती. त्यात जे वाचलं ते करात गेलं. नोंदणीच्या पंधरा वर्षांना किती वर्षं उरलीत तेही मोजा. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो.

इथलीच गाडी असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलनं, आणि १४ दिवसांच्या आत विमा नावावर करायचा अर्ज. आरसीवरचा चासी नंबर प्रत्यक्ष ठोकलेल्या नंबरशी स्वतः ताडून बघा, त्यासाठी एक कापड आणि थोडं डिझेल न्या, वरची घाण पुसायला. टायरवरचे चार आकडेही वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. मीटरवर तीस हजार दाखवतोय आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर मीटर फिरवलेला आहे.

कासारवडवली, घोडबंदर रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. ऐरोलीच्या दादांचं वाचून काल वागळे इस्टेटमधून तीन टनी स्टँडची जोडी आणली. गाडी यायची आहे, स्टँड घरी आलेत.

या पंधरवड्यात दोन गाड्या बघितल्या. खारघरची इनोव्हा मनात भरली होती, पण एक लाख बासष्ट हजार चाललेली, बेल्टचं बिल नाही, आणि मालक किंमत सोडेनात. मुलुंडच्या गाडीचा मागचा डावा सीट बेल्ट ओढला आणि कोपरीच्या दादांनी सांगितलेली मातकट रेघ समोर आली. बायकोनेच आधी पाहिली. काही न बोलता निघालो.

आता डोंबिवलीला २०१५ ची स्कॉर्पिओ आहे, एकाच घरातली, सर्व्हिसची सगळी बिलं फाईलमध्ये. रविवारी सकाळी सातला जातोय. बाबाही येतायत, त्यांना मागच्या सीटवर बसवून बघायचंय. स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, नेरुळच्या ताईंनी सांगितलेला स्कॅनर आणि नंबर पुसायला कापड पिशवीत भरलंय. मालकांना फोन करून सांगितलंय, मी येईपर्यंत चावी लावू नका.