'गुंतवणूक संधी' : तह, करार की नुसताच मोका?

टाकबोरू :
व्यापार करारांवरच्या एका इंग्रजी टिपणाचा मराठी तर्जुमा तपासायला आला आहे. पहिलीच ओळ अशी : "भारताने 2016 पासून पन्नासहून अधिक द्विपक्षीय गुंतवणूक संधी रद्द केल्या." वाचणाऱ्याला वाटेल, सरकारनं चालून आलेल्या पन्नास संधींवर पाणी सोडलं. मुळात 'ट्रीटी' आहे. अनुवादकानं हिंदीतला 'संधि' उचलला, वेलांटी दीर्घ केली आणि मोकळा झाला. 'तह' सुचवला, तर म्हणतो तह लढाईनंतर होतो. 'करार' म्हणावं तर खाली कोल इंडियाशी एका कंपनीनं केलेला 'करार' आहे, आणि टिपणाचा सगळा भर या दोहोंतल्या फरकावर आहे. काय लिहावं?

घाटमाथा :
कोल इंडिया म्हणजे व्हाइट इंडस्ट्रीजचं प्रकरण. मग दोन शब्द वेगळे ठेवावेच लागतील, नाहीतर वाचकाला काही उमगणार नाही. क्रम असा : 1989 मध्ये या ऑस्ट्रेलियन कंपनीनं पिपरवार कोळसा खाणीसाठी कोल इंडियाशी कंत्राट केलं. वाद झाला, 2002 मध्ये लवादाचा निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. वसुलीसाठी कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात, निकाल रद्द करायला कोल इंडिया कलकत्त्याच्या. नऊ वर्षं गेली. मग कंपनीनं कंत्राट बाजूला ठेवलं आणि भारत-ऑस्ट्रेलिया यांच्यातला 1999 चा गुंतवणूक करार काढला. प्रतिवादी आता कोल इंडिया नाही, भारत सरकार. तक्रार पैसे बुडवल्याची नाही, न्यायालयांच्या दिरंगाईची. 2011 च्या नोव्हेंबरात भारत हरला, 40 लाखांहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर अधिक व्याज.

तेव्हा कंपनीचं ते कंत्राट, देशांचा तो करार. झालं की.

वेलांटी :
कंत्राट पोर्तुगीज, करार अरबी. म्हणजे मराठीत शब्द नाहीतच असं ठरवून टाकायचं? 'संधी' हा तत्सम शब्द आहे, राज्यशास्त्राच्या पुस्तकांत 'संधी' (तह) आणि 'विग्रह' (लढाई) ही जोडी पूर्वापार आहे. वाचकाला कळत नसेल तर वाचकाला शिकवा.

मोडीवाली :
शिकवा की, पण पहिल्याच ओळीत नको. "संधी रद्द" हे वाचून पहिला अर्थ कोणता डोक्यात येतो ते प्रामाणिकपणे सांगा. चार शब्दांतला एकच शुद्ध निघाला आणि नेमका तोच वाचकाला चुकवतो, याला काय करणार?

'तह लढाईनंतरच' हे मात्र खोटं. वसईचा तह बघा, 31 डिसेंबर 1802. दुसऱ्या बाजीरावाला पळवून लावलं होळकरानं. ईस्ट इंडिया कंपनीशी पेशव्यांची तेव्हा लढाई नव्हती. शिवाय तहाचा एक पक्ष चक्क कंपनी होती. सहा हजार तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात, तिच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख तोडून. आणि टिपणाला अगदी लागू पडेल असं कलम : निजाम आणि गायकवाड यांच्यावरच्या पेशव्यांच्या दाव्यांचा निवाडा कंपनीच्या मध्यस्थीनं. म्हणजे ज्याच्याशी तह, तोच पंच. मला विचाराल तर 'गुंतवणूक तह' हाच शब्द बरा. त्यात सत्तेची चव आहे. 'करार' फार सभ्य, घरभाड्याचा वाटतो.

घाटमाथा :
चव आहे म्हणूनच नको, मत आधीच ठरवल्यासारखं होतं. वसईत कंपनी सही करणारी होती. आज सही दोन सरकारांची, कंपनी कुठेच नाही. तरी दावा तिलाच लावता येतो, आणि त्या कराराखाली सरकारला उलट कंपनीवर दावा लावायची सोय सहसा नसते. 'तह' म्हटलं की हा एकतर्फीपणा झाकला जातो. तहात दोघंही बांधलेले असतात, वसईच्यासुद्धा.

कासराभर :
तह-करारावरून भांडताय, पण टिपणात खरी घसरगुंडी 'लवाद' आहे. महाराष्ट्रात लवाद म्हटलं की कृष्णा पाणीवाटप, बच्छावत. सरकारनं नेमलेला, न्यायाधीशांचा, तीन राज्यांना समोर बसवणारा. इथे तसं नाही. तिघे जण. एक कंपनी निवडते, एक सरकार, अध्यक्ष दोघांच्या संमतीनं. आज निवाडा करायला बसलेला उद्या दुसऱ्या खटल्यात एखाद्या कंपनीचा वकील असू शकतो. वर अपील नाही. 'लवादाने भारताला दोषी ठरवले' हे वाक्य ऐकायला न्यायालयासारखं भारदस्त लागतं, आणि तिथेच घोळ होतो. 'खासगी पंच' लिहा.

मोडीवाली :
'पंच' म्हटलं की पोलिसांचा पंचनामा नाहीतर क्रिकेट. आणि 'लवाद' माणसालाही म्हणतात, मंडळालाही. 'तीन लवादांचा लवाद' असं लिहायची पाळी येईल.

वेलांटी :
'त्रिसदस्य विवाचन मंडळ'.

कासराभर :
नको हो. याच्यापेक्षा इंग्रजी कळेल.

दौतटाक :
एक दुरुस्ती. टिपणात 'सनसेट क्लॉज'चं 'सूर्यास्त कलम' केलं असेल तर आधी ते काढा, अर्थ उलटा होतो. साध्या कायद्यात या कलमाचा अर्थ अमुक तारखेला कायदा आपोआप मावळेल. गुंतवणूक करारात नेमकं उलट : करार संपवला तरी आधी आलेल्या गुंतवणुकीला तो आणखी दहा, पंधरा वर्षं लागू. नेदरलँड्सबरोबरचा 1995 चा करार भारतानं 2016 मध्ये संपवला, तरी जुन्या गुंतवणुकीला पंधरा वर्षांचं संरक्षण आहे, म्हणजे 2031 पर्यंत. व्होडाफोननं सप्टेंबर 2020 मध्ये जिंकलेला पूर्वलक्षी (मागल्या तारखेपासून लावलेल्या) कराचा खटला याच डच कराराखालचा. खटला करार संपवण्याआधीच दाखल होता ही गोष्ट वेगळी. केर्न या तेल कंपनीचा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला, ब्रिटनबरोबरच्या 1994 च्या कराराखालचा, 1.2 अब्ज डॉलर. पुढे ऑगस्ट 2021 मध्ये तो पूर्वलक्षी करच मागे घेतला गेला.

तेव्हा 'रद्द केल्या' हेही चूक. 'संपवण्याची नोटीस दिली' म्हणा.

घाटमाथा :
पटलं. 'मागे उरणारं कलम' कसं वाटतं?

कासराभर :
भूतकलम. करार मेला, पिंपळावर बसून आहे.

दौतटाक :
हसू नका, त्याहून नेमका शब्द अजून कुणी दिलेला नाही.

आणखी एक फसवा शब्दप्रयोग : 'सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र'. पसंती-बिसंती काही नाही, इतरांना जे दिलं ते यालाही, एवढंच. पाकिस्तानला 1996 मध्ये दिलेला तो दर्जा 2019 च्या फेब्रुवारीत काढला तेव्हा 'इतके दिवस लाडका होता काय' असं लोक विचारत होते, ते या भाषांतरामुळे. व्हाइटच्या खटल्यात हेच कलम भोवलं. 'दावे बजावण्याची परिणामकारक साधने' हे आश्वासन ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच, कुवेतच्या करारात होतं. कंपनीनं ते या दारातून आत आणलं. म्हणून भारताच्या नव्या नमुना मसुद्यात, डिसेंबर 2015 च्या, हे कलमच गाळलं आहे.

टाकबोरू :
त्या नमुना मसुद्याचा परिच्छेद इथेही आहे. 'स्थानिक उपाय थकवणे' असं भाषांतर झालंय.

दौतटाक :
देवा. 'देशातल्या न्यायालयांत आधी दाद मागणे'. टप्पे आकड्यांसकट लिहा, त्याशिवाय अर्थ लागणार नाही : सरकारचं पाऊल कळल्यापासून एका वर्षात इथल्या न्यायालयात जायचं, किमान पाच वर्षं तिथे झगडायचं, मग वादाची नोटीस, सहा महिने बोलणी, मग लवादाकडे जाण्याआधी आणखी 90 दिवसांची नोटीस. 2024 मध्ये संयुक्त अरब अमिरातीबरोबर केलेल्या करारात ती पाच वर्षं तीनवर आली.

मोडीवाली :
आता टिपणाच्या मथळ्याकडे या. तिथे 'गोपनीय करार' लिहायचं की 'गुप्त करार'? दोन्ही 'गुप्' धातूचे. गुप्त म्हणजे लपवलेलं, क्रिया झालेली. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगं, पूजनीय म्हणजे पुजण्याजोगा तसं. 'गोपनीय करार' लिहिलंत की लपवणं रास्तच होतं हे तुम्हीच मान्य केलंत.

घाटमाथा :
व्याकरणात बरोबर, व्यवहारात नाही. पोलिसांची गोपनीय शाखा, नोकरीतला गोपनीय अहवाल. '-जोगं' केव्हाच झिजून गेलं.

दौतटाक :
दोन्ही चूक, कारण करार गुप्त नसतोच. सही झाल्यावर मजकूर सहसा प्रसिद्ध होतो. गुप्त असतात त्या वाटाघाटी : मसुदे, कोण किती जकात उतरवायला तयार, कुणाच्या मागणीवरून कोणतं वाक्य घुसलं. प्रशांत महासागराभोवतीच्या बारा देशांच्या कराराचा अधिकृत मजकूर लोकांना दिसला नोव्हेंबर 2015 मध्ये, म्हणजे स्वल्पविरामही हलवायची सोय उरली नाही तेव्हा. त्याआधी अमेरिकी खासदारांना तो एका बंद खोलीत वाचता येई, टिपणं बाहेर नेता येत नसत. युरोप-अमेरिका कराराच्या वेळी बर्लिनच्या अर्थ मंत्रालयातही 2016 मध्ये खासदारांसाठी अशीच खोली केली, फोन बाहेर ठेवून. मे महिन्यात ग्रीनपीसनं 248 पानं फोडली तेव्हा बाकीच्यांना कळलं आत काय आहे. तेव्हा 'गुप्त वाटाघाटींतून झालेला करार'. लांब आहे, पण खरं आहे.

टाकबोरू :
त्या खोलीला इथे 'वाचनालय' म्हटलंय.

कासराभर :
वर्गणी किती?

मोडीवाली :
आपल्याकडे माहिती अधिकारात मागितलं तर कलम 8(1)(क) किंवा 8(1)(च) दाखवतात. पहिलं म्हणजे देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध वगैरे, दुसरं म्हणजे परक्या सरकारकडून 'विश्वासाने' मिळालेली माहिती. गंमत बघा, आपली तक्रार असते 'राज्यांना विश्वासात न घेता करार केला'. तोच विश्वास, एकीकडे सांगण्यासाठी, दुसरीकडे न सांगण्यासाठी. ज्याला खरंच माहिती हवी त्यानं मसुदा मागू नये. बैठकांच्या तारखा, कोणत्या उद्योग संघटनांचं म्हणणं घेतलं त्यांची यादी, परिणामांचा अभ्यास केला असल्यास त्याची प्रत, असं सुटं सुटं मागावं. कलम 10 चा उल्लेख करून 'देता येईल तेवढा भाग द्या' म्हणावं. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील.

घाटमाथा :
राज्यांचं म्हणाल तर घटनेत योगायोग आहे. संघसूचीतली नोंद 14 : परदेशांशी करार. राज्यसूचीतली नोंद 14 : शेती. दोन्ही चौदा भिडले की अनुच्छेद 253 मुळे पहिली जिंकते. आणि 'मंजुरी' शब्द जपून वापरा. वाचकाला वाटतं संसदेत मतदान झालं. आपल्याकडे त्याची गरज नसते, मंत्रिमंडळाचं पुरतं.

वेलांटी :
म्हणूनच 'रॅटिफिकेशन'ला 'अनुसमर्थन' हा शब्द आहे. शुद्ध शब्दांना नावं ठेवता, मग अडलं की त्यांच्याच दारात येता.

घाटमाथा :
हा एक घ्या तुमचा. बाकीचे नाही.

टाकबोरू :
'कॉर्पोरेट सत्ता'चं 'महामंडळांची सत्ता' झालंय, ते?

कासराभर :
एसटी महामंडळाची सत्ता! कंडक्टर सुट्टे मागतील.

मोडीवाली :
'कंपनी सरकार' हा तयार शब्द आहे मराठीत, दोनशे वर्षं जुना.

घाटमाथा :
पुन्हा वसईला आलात.

वेलांटी :
'गुप्'वरून राहिलं, 'जुगुप्सा'ही त्याच धातूची. लपवावंसं वाटण्यापासून किळस येण्यापर्यंत.

कासराभर :
हे माहीत नव्हतं. पण लपवावंसं वाटणं आणि किळस यांचा संबंध कसा लावता? मला ते ओढूनताणून वाटतं.

वेलांटी :
पाणिनी 3.1.5 बघा. गुप्, तिज्, कित् यांना सन् प्रत्यय. तितिक्षा, चिकित्साही तिथलीच.

टाकबोरू :
ते सगळं ठीक, पण पहिल्या ओळीत काय लिहू?